उडाली की उडवली?

मराठीत अपघात सांगायची एक सोय आहे. कप फुटला, दूध उतू गेलं, चावी हरवली, डिस्क उडाली. या वाक्यांत कुणी काही केलेलं नसतं. वस्तूंनी आपापलं उरकून घेतलेलं असतं. ‘कप फोडला’ म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कुणी? ‘फुटला’ म्हटलं की फक्त हळहळ येते. लहानपणापासून आपण ही सोय वापरत आलोय, आणि बहुतेक वेळा त्यात काही बिघडत नाही. कपाचं काय एवढं.

काही वर्षांपूर्वी माझ्या मैत्रिणीची डिस्क उडाली. म्हणजे मी निदान महिनाभर तरी लोकांना असंच सांगत होतो.

ती मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांवर संशोधन करत होती. लालबाग, परळ, काळाचौकी, करी रोड. कोकणातून आणि घाटावरून गिरणीत कामाला आलेले, बायकामुलं गावी ठेवून एका खोलीत दहा-पंधरा जण राहणारे पुरुष ज्यांच्या हातचं जेवायचे, त्या बायका. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा यांच्यातल्या बहुतेक तिशीतल्या होत्या. आता सत्तरी ओलांडलेल्या. मैत्रिणीनं तीन वर्षं फिरून एकोणीस जणींशी बोलणं रेकॉर्ड केलं होतं. मुलाखती, फोटो, जुन्या वह्यांची पानं असा सगळा मिळून दीडशे जीबीच्या आसपास ऐवज एका एक टीबीच्या पोर्टेबल हार्ड डिस्कवर होता. फक्त त्याच डिस्कवर. म्हणून तर तिनं तशीच, त्याच कंपनीची, त्याच आकाराची दुसरी डिस्क विकत घेतली आणि माझ्याकडे आली. ‘‘तुला हे येतं ना, एक बॅकअप करून दे.’’

मला हे येत होतं. घोळ तिथूनच सुरू होतो.

माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. तिथे काळ्या खिडकीत ‘एलएसबीएलके’ एवढं टाइप केलं की कॉम्प्युटरला जोडलेल्या साठवणीच्या साधनांची यादी समोर येते. ‘एलएस’ म्हणजे यादी दाखव, ‘बीएलके’ म्हणजे ब्लॉक डिव्हाइस. हार्ड डिस्क, एसएसडी, पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड हे सगळे त्यात येतात. यादी झाडासारखी असते. डिस्कच्या खाली तिचे भाग, म्हणजे पार्टिशन, फांद्यांसारखे लटकलेले. शेजारी रकाने असतात : नाव, आकार, काढता-घालता येण्यासारखी आहे का, फक्त वाचण्यापुरती आहे का, प्रकार कोणता आणि सध्या कोणत्या फोल्डरला जोडलेली आहे. ही कमांड निरुपद्रवी आहे. ती फक्त पाहते, कशालाही हात लावत नाही. तिच्यासाठी पासवर्डही लागत नाही.

पण पूर्ण यादी वाचायला त्रासाची असते. उबुंटूसारख्या सिस्टिमवर तर ‘स्नॅप’ पद्धतीनं बसवलेल्या प्रत्येक ॲपपायी ‘लूप’ नावाची एक-दोन खोटी साधनं तयार होतात. यादी उघडली की लूप शून्य, लूप एक, लूप दोन असं करत वीस-पंचवीस ओळी जातात आणि खरी डिस्क तळाशी सापडते. मग माणूस गाळायला शिकतो. ‘-ई 7’ लिहिलं की लूप गायब, कारण सात हा लूपच्या वर्गाचा क्रमांक आहे. ‘-डी’ लिहिलं की फांद्या गायब, फक्त मूळ डिस्क उरतात. ‘-ओ’ लिहून पुढे रकान्यांची नावं दिली की तेवढेच रकाने. 2024 मध्ये आलेल्या 2.40 या आवृत्तीपासून तर थेट अटी लिहून गाळायची सोयही झाली आहे. मी कित्येक वर्षं हे तिन्ही एकत्र वापरायचो. बोटांना सवय झाली होती. त्या दिवशीही माझ्यासमोर अशी देखणी यादी आली : एसडीए, 238.5 जी. एसडीबी, 931.5 जी. एसडीसी, 931.5 जी.

तीन ओळी. पहिली माझ्या लॅपटॉपची. उरलेल्या दोन तिच्या डिस्क, जुनी आणि नवी. (एक टीबीची डिस्क 931.5 का दिसते, तर विकणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि ही यादी 1024 च्या. त्यात कुणी फसवलेलं नसतं.)

सकाळी मी पूर्ण यादी पाहिली होती, आणि जुनी डिस्क एसडीबी आहे हे कागदावर लिहूनही ठेवलं होतं. मधे चहा झाला, लॅपटॉप दुसऱ्या खोलीत नेला, दोन्ही केबल काढल्या, पुन्हा लावल्या. आता एसडीए, एसडीबी ही डिस्कची नावं नव्हेत. ती रांगेतली जागा आहे. जी आधी सापडेल तिला आधीचं अक्षर. दवाखान्यात मिळणारा नंबर असतो ना, तसं. उठून बाहेर गेलात आणि परत आलात तर नंबर बदललेला असू शकतो. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. मी दुसऱ्यांना शिकवलं होतं.

मग मी ‘डीडी’ ही कमांड चालवली. ती एका डिस्कवरचं सगळं, पहिल्या बाइटपासून, दुसरीवर जसंच्या तसं उतरवते. ती काही विचारत नाही. कुठून आणि कुठे एवढं सांगायचं. मी सांगितलं, एसडीबीवरून एसडीसीवर. चहानंतर एसडीबी ही नवी, कोरी डिस्क झाली होती. मी कोरेपणाची हुबेहूब प्रत तिच्या तीन वर्षांच्या कामावर उतरवत होतो.

सहा-सात मिनिटांनी, तिला गंमत दाखवावी म्हणून, मी दुसरी खिडकी उघडून ‘-एफ’ लावून यादी काढली. त्यात डिस्कला दिलेली लेबलं दिसतात. एसडीसीच्या खाली तिनं स्वतः ठेवलेलं नाव होतं : मुलाखती. मी डीडी थांबवली. तोवर तीस-पस्तीस जीबी पुसले गेले होते. विशेष म्हणजे ज्या जागी ते लेबल लिहिलेलं होतं ती जागा केव्हाच कोरी झाली होती. यादी तरीही ते नाव दाखवत होती, कारण ती दर वेळी डिस्क उघडून बघत नाही. सिस्टिमनं आधी नोंदवून ठेवलेलं वाचून दाखवते. माणूस गेल्यावरही दारावरची पाटी राहते, तसं ते नाव काही वेळ राहिलं.

आता खरा प्रश्न. हे उडालं की मी उडवलं?

पहिला बचाव यादीवर ढकलण्याचा. पण यादीनं एक अक्षरही खोटं सांगितलं नव्हतं. एसडीबी होती, एसडीसी होती, दोन्ही 931.5 होत्या. मी विचारलं तेवढ्याचं खरं उत्तर मिळालं होतं. ज्यावरून दोघींत फरक कळला असता ते सगळं, म्हणजे लेबल, सिरियल नंबर, खालचे भाग, मी स्वतः गाळलं होतं. ‘-डी’ लावल्यावर जोडलेल्या फोल्डरचा रकाना मागितला असता तरी तो बहुधा रिकामाच दिसला असता, कारण फोल्डरला जोडलेले असतात ते भाग, आणि भाग तर मी लपवलेले. भरलेली डिस्क कोरी दिसावी अशी व्यवस्था मी स्वतःच्या हातानं केली होती, आणि तिला मी सुटसुटीतपणा म्हणत होतो.

दुसरा बचाव साधनावर ढकलण्याचा. डीडीनं ‘नक्की का?’ असं विचारायला हवं होतं. यात तथ्य आहे. ज्या साधनानं परत न येणारं नुकसान होऊ शकतं, ते बनवणाऱ्यावर काही जबाबदारी येतेच. पण मग फोनवर येणाऱ्या ‘नक्की का?’ या प्रश्नांना आपण काय उत्तर देतो? न वाचता ‘हो’. दिवसातून वीस वेळा. मला त्या दिवशी कुणी विचारलं असतं तर मीही ‘हो’च म्हटलं असतं, कारण मला खात्री होती. अडचण खात्री नसण्याची नव्हतीच.

तिसरा बचाव सगळ्यात मऊ आहे. हेतू चांगला होता. बॅकअप करायलाच बसलो होतो. इथे मला एका जुन्या इंग्रज गणितज्ञाचा आधार घ्यावासा वाटतो, कारण त्यानं हा बचाव फार पूर्वीच मोडून ठेवलाय. विल्यम क्लिफर्डनं 1877 मध्ये श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं आहे, डागडुजी हवी आहे, हे त्याला कुठंतरी जाणवतं. पण तो स्वतःची समजूत घालतो : इतक्या सफरी सुखरूप झाल्या, हीही होईल. प्रवाशांना मनापासून निरोप देतो. जहाज बुडतं. क्लिफर्डचं म्हणणं असं की त्याची खात्री प्रामाणिक होती हे मान्य केलं तरी तो दोषी आहे, कारण ती खात्री त्यानं तपासून मिळवलेली नव्हती, शंका दाबून मिळवली होती. आणि पुढचा मुद्दा आणखी कडक आहे. जहाज बुडालं नसतं तरी तो तितकाच दोषी. फक्त पकडला गेला नसता.

मला हे वाचताना माझ्या आधीच्या सगळ्या सफरी आठवल्या. ‘-डी’, ‘-ई 7’, दोन रकाने, आणि बिनधास्त डीडी. पन्नास वेळा तरी केलं असेल. क्लिफर्डच्या हिशेबानं मी पन्नास वेळा चुकलो होतो, एकदाच दिसलं.

पण हेही पूर्ण पटत नाही. पन्नास वेळांपैकी एकोणपन्नास वेळचं मला काहीच वाटत नाही, आणि एका वेळेचं आजही रात्री आठवतं. हा फरक नुसता भावनेचा आहे का? 1976 मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी एकाच चर्चेत ‘नैतिक नशीब’ हा प्रश्न मांडला. दोघं सारखेच बेफिकीर. एकाच्या वाटेत कुणी येत नाही, दुसऱ्याच्या वाटेत येतं. आपण दोघांना सारखं मोजत नाही. मोजावं का? विल्यम्सचं उदाहरण एका ट्रकचालकाचं आहे, ज्याची काहीही चूक नसताना त्याच्या गाडीखाली मूल येतं. आपण त्याला समजावतो की तुझा दोष नाही. पण तो लगेच, सहज, ‘‘खरंच की, माझा दोष नाही’’ म्हणून जेवायला बसला, तर आपल्याला त्याच्याबद्दल काहीतरी विचित्र वाटेल. बघणाऱ्याला होतं त्याहून वेगळं दुःख करणाऱ्याला व्हायला हवं, एवढी आपली अपेक्षा असते. दोष किती हे ठरायच्या आधीच ‘हे माझ्या हातून झालं’ हे वेगळं उभं राहतं.

माझ्या बाबतीत तर दोषही होता. तरी महिनाभर मी ‘उडाली’ म्हणत होतो. ट्रकचालकाचा दोष नसून त्याचं वाक्य कर्त्यासकट असतं, आणि माझा असून माझं कर्त्याशिवाय. भाषेनं मला लपायला जागा दिली होती, आणि ऐकणारे सगळे माझ्याच बाजूनं होते. ‘‘अरे होतं असं, डिस्कचा काय भरवसा.’’

मग करायला काय हवं होतं? रोज पूर्ण यादी वाचावी? हा उपदेश सोपा आहे आणि खोटाही. पंचवीस लूपच्या ओळींमध्ये माणूस खरी ओळ चुकतोच. सगळं दाखवणं हाही लपवायचाच एक प्रकार आहे. ज्यानं कधी कंपनीच्या नियम-अटी ‘मान्य’ केल्यात त्याला हे समजवायला नको. आणि मुळात न गाळलेली यादी अशी नसतेच. साधी एलएसबीएलके सुद्धा मेमरीतल्या तात्पुरत्या डिस्क आणि रिकामी साधनं मुळातच वगळते. कुणीतरी ते आपल्या आधी ठरवलेलं असतं. रकान्यांची नावंही आपल्याला वाटतं तेच सांगतात असं नाही. ‘आरएम’ हा रकाना काढता येण्याजोगी वस्तू सांगतो असं वाटतं. पेन ड्राइव्हला तिथे बहुधा एक येतो. पण यूएसबीनं जोडलेल्या, खिशात घालून नेता येणाऱ्या हार्ड डिस्कला अनेकदा शून्य येतो, कारण तो रकाना पेटीबद्दल बोलत नाही, पेटीतलं माध्यम वेगळं काढता येतं का याबद्दल बोलतो. ‘फक्त बाहेरच्या डिस्क दाखव’ म्हणून त्यावर गाळणी लावली, तर बाहेरचीच डिस्क गळते.

म्हणजे गाळणं चुकत नाही. गाळल्याशिवाय पाहताच येत नाही. चूक कुठं होते, यावर मी बराच विचार केला आणि माझ्यापुरतं एवढंच हाती लागलं : पाहण्यासाठी केलेली यादी आणि कृती करण्यासाठी केलेली यादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाहताना हवं ते गाळावं. चुकलो तर पुन्हा पाहता येतं. पण ज्या कृतीनंतर परत येता येत नाही, तिच्या आधी एक रकाना कधीच काढायचा नाही. आपलं चुकतंय हे ज्यावरून कळेल, तो रकाना. माझ्या बाबतीत लेबल आणि सिरियल नंबर. मी नेमका तोच काढला होता, कारण मला उत्तर माहीत होतं आणि म्हणून तो मला फापटपसारा वाटत होता. माणूस आपल्या मताला दुजोरा देणारं ठेवतो आणि उरलेल्याला कचरा म्हणतो. यादीला ते कळत नाही. तिला सांगितलं तेवढं ती गाळते.

या कमांडच्या माहितीपुस्तकात एक साधी सूचना आहे. मूळ यादीचं स्वरूप पुढे बदलू शकतं, तेव्हा स्क्रिप्ट लिहिताना तिच्यावर विसंबू नका, कोणते रकाने हवेत ते नेहमी स्पष्ट लिहा. प्रोग्रॅमरसाठीची कोरडी सूचना आहे, पण मला ती आता नीतीच्या पुस्तकातली वाटते. काय बघून ठरवलं, ते सांगता आलं पाहिजे.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठं काळ्या खिडक्या उघडतो. पण फोन भरला की तुम्ही हेच करता. व्हॉट्सॲपमध्ये ‘पाच एमबीपेक्षा मोठ्या’ आणि ‘अनेकदा फॉरवर्ड झालेल्या’ अशा गाळण्या तयार मिळतात. त्या आकारावर आणि फॉरवर्डवर चालतात. कुणाच्या आवाजातला शेवटचा संदेश कोणता, कोणत्या धूसर फोटोत आजी मागे उभी आहे, याचा रकाना तिथे नाही. तो असूही शकत नाही. तो तुमच्याकडेच आहे. सगळे निवडून एकदम पुसायचं बटण दाबताना आपण यादी करणाऱ्यावर भरवसा ठेवत असतो की तिनं आपल्यासाठी पाहिलंय. तिनं मोजलंय. पाहिलेलं नाही.

आणि ही गोष्ट डिस्कपुरती नाही हे मला त्या बायकांमुळेच कळलं. संपाबद्दल लिहिताना सगळे अडीच लाख कामगार म्हणतात. हा आकडा ज्यांची नावं गिरणीच्या मस्टरवर होती, त्यांचा. या बायका कुणाच्याच मस्टरवर नव्हत्या. त्यांची गिरणी म्हणजे स्वतःची दहा बाय बाराची खोली आणि पहाटे चारला पेटणारा स्टोव्ह. संप झाला तेव्हा त्यांचंही काम गेलं, पण कुठल्या यादीत त्याचा रकाना नव्हता. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांसाठी, सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. कर्ज द्यायचं तर आधी ती बाई धंदा करते हे कागदावर यावं लागतं. पुढे मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून त्यांचा इतिहास नोंदवला. माझी मैत्रीण आपल्या परीनं त्याच वाटेवर होती. आधीच्या यादीतून गळलेल्या एकोणीस जणी. त्यांना मी, दोन रकान्यांची सुटसुटीत यादी करून, पुन्हा गाळलं.

म्हणूनच मैत्रिणीनं मला माफ केलं तेव्हा बरं वाटलं नाही. ती म्हणाली, ‘‘जाऊ दे, मीच आधी कॉपी करायला हवी होती.’’ पण तिचं जे गेलं ते तिनं माफ केलं. एकोणीस जणींनी कुठं काय माफ केलं होतं? त्यांना माहीतही नव्हतं. त्यांतल्या दोघी तोवर वारल्या होत्या.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. डिस्कचा पुढचा भाग शाबूत होता. पण फाइलींची नावं आणि त्या कुठं ठेवल्यात याचे पत्ते ज्या तक्त्यात असतात, तो सुरुवातीलाच होता, आणि तो गेला होता. ‘फोटोरेक’ नावाचा प्रोग्रॅम असतो. तो नावं शोधत नाही. डिस्क चाळत जातो आणि जिथं आवाजाची किंवा फोटोची फाइल सुरू झाल्यासारखी दिसेल तिथून उचलून बाहेर काढतो. चार दिवस तो चालला. आवाज परत आले, बरेचसे, पण नावांशिवाय. प्रत्येक फाइलचं नाव ‘एफ’ आणि पुढे लांबलचक आकडा. कोण बोलतंय, कधी, कुठल्या चाळीत, काही नाही. काही फाइली मधेच तुटत होत्या. आमच्याकडे आता गाळलेली नव्हे, सगळीच्या सगळी यादी होती, आणि तिच्यात एकही ओळख नव्हती.

आम्ही दोघं कानांवर बसलो. अकरा मुलाखतींची लिखितं तिच्याकडे होती, त्यांचं जुळलं. बाकीच्यांतल्या काही तिला आवाजावरून कळल्या. पाच आवाज राहिले. मग एकच मार्ग उरला. त्या बायकांकडेच जायचं, ऐकवायचं आणि विचारायचं, ही कोण?

जाताना ट्रेनमध्ये मी म्हटलं, ‘‘त्यांना सांगू की डिस्क खराब झाली.’’ ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, ‘‘तू सांग काय झालं ते. मी मधे बोलणार नाही.’’

काळाचौकीच्या एका चाळीत चौघी जमल्या होत्या. मी सांगितलं. लूप, रकाने, एसडीबी यातलं काहीच कामाचं नव्हतं. शेवटी वाक्य एवढंच झालं, ‘‘मावशी, तुमचं बोलणं ठेवलं होतं, ते माझ्या हातून पुसलं गेलं.’’ बोलून झाल्यावर लक्षात आलं की अजून ‘गेलं’च म्हणतोय. पुन्हा म्हटलं, ‘‘मी पुसलं. नीट न बघता.’’

जरा वेळ कुणी काही बोललं नाही. मग आम्ही फोनवर आवाज लावले. तीन त्यांनी लगेच ओळखले, एक तर पहिल्या खोकल्यालाच. एकीचा आवाज ऐकून दोघी गप्प झाल्या, ती वारलेल्या दोघींतली होती. तिचं बोलणं अर्ध्या वाक्यात तुटत होतं. ते त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. दोन आवाज त्यांनाही ओळखता आले नाहीत.

निघताना त्यांच्यातली सगळ्यात वयस्क मावशी म्हणाली, ‘‘आमची पण वही भिजलेली रे. उधारीची. संपाच्या टायमाला तीसेक माणसांचं येणं होतं, आन् पावसात पत्र्यातनं पाणी आलं, सगळी शाई पसरली. कुणाचं किती, काय कळंना.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय. ज्याला द्यायचं होतं त्याला वही लागली न्हाई. गावाला निघायच्या आधी येऊन सांगून गेला, मावशी माझं एवढं हाय. ज्याला द्यायचं न्हवतं त्याला वही असून तरी काय.’’

हे ऐकून मला हायसं वाटावं असं तिच्या मनात होतं की नव्हतं, ते कळलं नाही. तिनं माफ केलं असंही ती म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही.

आता मुलाखतींच्या तीन प्रती आहेत, तीन ठिकाणी. प्रत्येक डिस्कवर बाहेरून चिकटपट्टी लावून हातानं नाव लिहिलंय. मी डीडी चालवायच्या आधी लेबल आणि सिरियल नंबर वाचतो, मोठ्यानं, शेजारी कुणी असो-नसो. त्या दोन न ओळखलेल्या आवाजांचं फोल्डर वेगळं आहे. त्यातली एक बाई सुमारे चाळीस मिनिटं बोलते. तीस माणसांच्या भाकऱ्या किती वाजता थापायला घ्यायच्या, कोणाला तिखट चालत नाही, कोण पगाराच्या दिवशी जेवायला न येता परस्पर गावी जातो, हे सगळं तिला तोंडपाठ आहे. स्वतःचं नाव तेवढं ती एकदाही घेत नाही. पुढच्या महिन्यात आम्ही ते घेऊन करी रोडला जाणार आहोत.